इंद्रधनुष्यानंतरचा भाग

जगनच्या रोह्याच्या घराची पायरी पुंडलिक अखेर चढला, तो एका कॅसेटपायी. बारशाला नाही, आजारपणाला नाही. नागोठण्याला महापूर आला आणि त्या बाजूला गेलेल्या जगनचा पत्ता लागेना, तेव्हाही त्याने धाकट्या दिनानाथलाच पाठवलं होतं. मोठ्या भावाने आपल्या पायांनी मधल्याकडे जायचं म्हणजे वडिलांचा शब्द पायदळी तुडवायचा, असा त्याचा हिशोब होता. पण कॅसेटची गोष्ट वेगळी. कॅसेट घरच्या अब्रूची बाब होती.

त्याला कारण गेल्या वर्षीचं गौरीचं जागरण. पेणहून भाड्याने रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आणला होता. आणणाऱ्याने छातीवर हात ठेवून "धार्मिक हाय" म्हणून सांगितलं, आणि नारदमुनी दिसताच बायकांनी हातही जोडले. पुढे कुठल्याशा अप्सरेने एका ऋषीचं तप मोडायला घेतलं. ते तिने इतकं सावकाश मोडायला घेतलं की पुंडलिक ताडकन उठला आणि धोतराचा सोगा दोन्ही हातांनी पसरून टीव्हीपुढे उभा राहिला. पाठीमागे गाणं वाजत होतं, अप्सरा नाचत होती आणि पुढे अख्खं गाव पुंडलिकाकडे बघत होतं. त्याला गाणं संपेपर्यंत तसंच उभं राहावं लागलं. ते गाणं लांब होतं.

तेव्हापासून घरात नियम झाला, आधी बघायचं, मग दाखवायचं. आणि बघायचं ते घरच्या मोठ्यांनी.

यंदा श्रावणातच जगनचा निरोप आला. व्हिडिओ माझा, कॅसेटही माझी, भाडं कशाला भरता? कंपनीत त्याच्या शिफ्टला कोर्लईचा इनास नावाचा ख्रिस्ती दोस्त होता, त्याने दिलेली. त्यांच्या पोथीतली प्रलयाची गोष्ट, हिंदीत बोलतात, अप्सरा नाही.

निरोप साधा होता, पण त्याच्या पोटात काय आहे ते घरात सगळ्यांना कळलं. जगनला पाट हवा होता.

त्यांच्या वडिलांच्या, गुणाजीच्या घरचा गणपती विसर्जनाला डोक्यावर न्यायचा. डोक्यावर पिळून गोल वळलेल्या कापडाची चुंबळ, चुंबळीवर पाट, पाटावर देव. घरचे मुलगे आळीपाळीने डोकं देत खाडीवर जायचे. आता पुंडलिक द्यायचा आणि दिनानाथ द्यायचा. जगन मागून चालायचा, बायकांच्या आणि झांजवाल्यांच्या मध्ये कुठेतरी. गणपतीला तो दरवर्षी यायचा आणि दरवर्षी त्याला पडवीतली खुर्ची मिळायची. चहा पहिला त्याला, पहिल्या पंगतीला पान त्याचं, निघताना खांद्यावर नवा टॉवेल आणि हातात नारळ. बाहेरच्याला वाटावं, काय मान आहे! घरच्या पोराला पाहुण्याचा मान देण्यासारखी दुसरी शिक्षा नाही, आणि ती या घराने अगदी हसतमुखाने चालवली होती.

शिक्षा गुणाजीने सुनावलेली. घरात सांगितली जायची ती हकीकत अशी. एका वर्षी उधाणाने मिठागराच्या बाहेरच्या बांधाला खांड पाडली आणि समुद्र आत शिरला. आगर गेलं. बापाने आणि तीन पोरांनी पुन्हा चिखल उपसून, बांध घालून ते उभं केलं. पहिली मिठाची रास लागली त्या दिवशी गुणाजी पोटभर ताडी प्यायला आणि कमरेचा रुमाल सुटलेल्या अवस्थेत बांधावर आडवा झाला. ते जगनने पाहिलं. पाहिलं तर पाहिलं, गप बसावं की नाही? तो धावत राशीपाशी गेला आणि पाट्या भरणाऱ्या माणसांदेखत ओरडला, "बा उघडा पडलाय!" माणसं खो खो हसली. पुंडलिक आणि दिनानाथ गोणपाट घेऊन गेले, मान फिरवून बापावर घातलं आणि त्याला उचलून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी ते हसणं गुणाजीच्या कानावर आलं. तो म्हणाला, "माजी लाज ज्यानं चार मानसांत उघडी केली, त्याचा हात माज्या घरच्या देवाला लागायचा नाय."

पुढे गुणाजी गेला. जिवंत माणसाचा शब्द फिरवता येतो, मेलेल्याचा कोण फिरवणार? गुणाजीचा शब्द गुणाजीपेक्षा जास्त जगला.

*

मालूने सकाळपासून घर झाडून ठेवलं होतं. जगनची बायको ती. गावात तिला तोंडाळ म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. पण आज ती गोड बोलणार होती. तिने ते मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

एसटीतून उतरून चौघं कॉलनीत आली. पुढे पुंडलिक, कडक इस्त्रीचं धोतर. मागे म्हातारी आई धोंडुबाई, तिचा हात धरून पुंडलिकाची बायको सरू, आणि सगळ्यांत मागे दिनानाथ. दिनानाथ पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला होता. नखांत कायमचा सोनेरी रंग आणि बोलण्यात शहरी वळण.

"या भावजी," मालू दारातच म्हणाली. तिने पुंडलिकाच्या पायांवर पाणी घातलं, खोलीतली एकुलती एक खुर्ची पुढे केली, आणि तो बसतो न बसतो तोच त्याच्या खांद्यावर नवाकोरा टॉवेल घातला.

"ह्ये कशाला?" पुंडलिक म्हणाला.

"पयल्यांदाच आलाव आमच्याकडं. पावन्यांचा मान नको?"

चहा पहिला त्याला आला. बाकीचे सतरंजीवर बसून वाट बघत राहिले. बशीत ओतून प्यायला त्याने सुरुवात केली, तर सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत हे त्याला जाणवलं आणि त्याने बशी खाली ठेवली. खुर्चीवर बसलेल्या माणसाला घरातलं काही बोलता येत नाही. पावसाचं बोलता येतं, एसटीचं बोलता येतं. तो एसटीचं बोलला.

सरू खाली मान घालून पदराशी चाळा करत होती. तिला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. तो टॉवेल, ती खुर्ची, तो पहिला चहा. दरवर्षी गणपतीला जगनभावजींच्या खांद्यावर टॉवेल तीच तर घालत आली होती. नवऱ्याने हातात द्यायचा आणि तिने घालायचा. आता नवऱ्याच्या खांद्यावर तो तिने पाहिला आणि तो किती जड असतो ते तिला पहिल्यांदा कळलं. पोह्याच्या पापडांची पिशवी मालूला देताना ती हळूच म्हणाली, "लय चांगली गो तू!"

"मी कुटं काय केलं, वैनी?" मालू म्हणाली.

जगन तोवर व्हिडिओच्या वायरी जोडत होता. भावाकडे त्याने अजून नीट पाहिलं नव्हतं. नुसतं "आलास दादा?" म्हणाला होता, आणि पुंडलिक "व्हय" म्हणाला होता.

*

"आधी एक विचारतो," कॅसेट आत सरकली तसा दिनानाथ म्हणाला. "गौरी माहेराला आलेली, आणि आपण ख्रिस्ती लोकांच्या देवाचा सिनेमा लावणार. बरं दिसेल? लोक काय म्हणतील? मी गणपतीच्या कारखान्यात काम करतो."

"गेल्या साली लोकं काय बोललं?" जगनने विचारलं.

दिनानाथने पुंडलिकाकडे पाहिलं आणि विषय सोडला.

"बगू तर," पुंडलिक म्हणाला. "वंगाळ काय नसलं तं झालं. पोरंसोरं बसतात, आयाबाया बसतात. बाय न्हायाला नको, मारामारी नको, आनि दारू नको." दारू हा शब्द त्याने सवयीने जोडला. त्या घरात तो सवयीने जोडला जायचाच.

सिनेमा सुरू झाला. एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा, त्याचे तीन मुलगे, तीन सुना. देवाने म्हाताऱ्याला सांगितलं की पाणी येणार, मोठं जहाज बांध. गावातली माणसं जमून त्याला हसत होती.

"तीन पोरगं," धोंडुबाई म्हणाली. "आपल्यासारकंच की."

"जहाज सागवानी दिसतंय," पुंडलिक म्हणाला. तो खुर्चीच्या पुढच्या कडेला आला होता.

मग जनावरं निघाली. हत्ती दोन, सिंह दोन, माकडं दोन, रांगेने फळीवरून आत. धोंडुबाईने बोटांवर मोजायला सुरुवात केली. सरूने विचारलं, "कोंबड्या पन दोनच?" मालू म्हणाली, "आषाढ संपलेला असंल, वैनी." पुंडलिकसुद्धा हसला. श्रावणात मासळी-कोंबडी बंद असलेल्या माणसांना तो विनोद बरोबर जागी लागला.

पाऊस सुरू झाला तसं हसणं थांबलं. पाणी चढू लागलं. ही खाडीकाठची माणसं, पाणी कसं चढतं ते त्यांना कुणी शिकवायला नको. आधी चपला तरंगतात, मग हांडे, मग माणसं. जहाजाचं दार बंद झालं. काल हसणारी माणसं बाहेरून दारावर मुठी आपटत होती.

"उगड रं दार," धोंडुबाई पडद्याला म्हणाली. "नागोठन्याला असाच चढला हुता."

"ते पापी हायत, आये," जगन म्हणाला.

"पोरं बी पापी? काखंत पोर हाय तिच्या."

दिनानाथने मान हलवली. त्याचा विरोध मघाच्या पावसात बराचसा वाहून गेला होता. "आपला मत्स्यावतारच आहे हा," तो हळूच म्हणाला. "नावं तेवढी वेगळी. मनू राजाची नाव माशाने ओढली ना, तसंच." कारखान्यात विचारलं तर सांगायला त्याला काहीतरी मिळालं होतं.

कबूतर पान घेऊन आलं. जहाज डोंगराला लागलं. म्हातारा बाहेर आला, गुडघ्यांवर बसला, आणि आभाळात या टोकापासून त्या टोकापर्यंत इंद्रधनुष्य उमटलं. धोंडुबाईने हात जोडले. मग सरूने, मग खुर्चीवरच्या पुंडलिकानेही. आरती संपल्यावर माणसं उठतात तशी सगळी हलली, कुणी पाय मोकळे केले, कुणी डोळे पुसले. मालू चहाच्या कपबशा गोळा करत आत गेली.

"चांगला हाय," पुंडलिकाने निकाल दिला. "काय वंगाळ नाय. देवाचं हाय. गौरीला ह्योच लावू."

जगनच्या मनावरचं ओझं उतरलं. तो सतरंजीवरून पुढे सरकला. किती वर्षं एकच वाक्य त्याने घोटून ठेवलं होतं, शिफ्टच्या पाळ्यांत, एसटीच्या खिडकीत, विसर्जनाच्या रस्त्यावर. "दादा," तो म्हणाला, "यंदा विसर्जनाला... मी म्हन्तो, दिनाची पाठ दुकते. तं पाट..."

"आवं," सरू म्हणाली, "संपला नाय अजून."

टीव्ही कुणी बंद केला नव्हता. पडद्यावर ऊन पडलं होतं आणि म्हातारा जमीन खणत होता. तीन मुलगे त्याच्यासोबत माती उपसत होते. मग वेल चढले, द्राक्षं लागली, द्राक्षं तुडवली. म्हाताऱ्याने पहिला पेला तोंडाला लावला. दुसरा लावला. मग पेले मोजायचं त्याने सोडलं.

मोकळे केलेले पाय सगळ्यांनी पुन्हा जवळ घेतले.

म्हातारा झोकांड्या खात तंबूत गेला आणि पडला. अंगावरचं वस्त्र बाजूला गेलं. सिनेमावाल्यांनी सभ्यपणाने नुसते उघडे पाय आणि उघडा खांदा दाखवला, पण काय ते कळत होतं. मधला मुलगा तंबूशी आला. पडदा बाजूला करून त्याने आत पाहिलं, दचकला आणि उलट पावली पळत भावांकडे गेला. भावांनी एक चादर घेतली. दोघांनी दोन टोकं खांद्यावर धरली आणि बापाकडे पाठ करून मागे मागे चालू लागले.

पुंडलिक उठला. धोतराचा सोगा त्याच्या हातात आलाही होता, पण पुढे उभं राहून झाकायचं कुणापासून? समोर होती ती सगळी घरचीच होती.

"बंद कर," तो म्हणाला.

दिनानाथने घाईघाईत बटण दाबलं. ते भलतंच दाबलं गेलं. चित्र जागच्या जागी थिजलं आणि थरथरत राहिलं, चादर घेऊन पाठमोरे चाललेले दोन भाऊ, मधून पांढरी रेघ.

*

"मुद्दाम आनलास," पुंडलिक म्हणाला. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "बापाला जाऊन एवढी वर्षं झाली, आनि तू गौरीच्या दिवशी अख्ख्या गावाला दाखवनार हुतास. पुन्यांदा."

"देवाशपथ दादा, मना ठावं नव्हतं."

"तुजी कॅसेट, आनि तुला ठावं नाय?"

"इंद्रधनुष्य आलं आनि मी उठलो. संपला असं वाटलं. तुमी नाय उटलाव आता?" जगनचा आवाज फाटला. "मी ह्ये आनंन? तुला मी असा वाटतो?"

"दादा, मला वाटतं हा विषयच नको," दिनानाथ म्हणाला. मघापर्यंत तो मत्स्यावताराकडे होता, आता तो तिथून उठून वडिलांच्या बाजूला गेला. "ख्रिस्ती लोकांचा सिनेमा आहे, एवढंच सांगू. बाबांची आठवण काढायला नको. कॅसेट परत, विषय संपला."

"आनि मी पन परत," जगन म्हणाला. "खुर्चीवर."

मालू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ओल्या हातांनी तिने पदर खोचला. "ह्यांना ठावं नव्हतं," ती म्हणाली. "मना ठावं हुतं. मी सगला बगितलेला, ह्ये ड्यूटीला गेल्यावर. शेवटपर्यंत."

"आनि बोलली नायस?" जगनने वळून विचारलं.

"नाय. बोलले असते तं तुमी आनला नसता, आनि भावजी आले नसते." तिने पुंडलिकाकडे थेट पाहिलं. मोठ्या दिराकडे असं बघायची तिची पहिलीच वेळ होती आणि तिचे कान तापले होते. "भावजी, मी तुमच्या घरात आले तवापासून ती गोष्ट ऐकते. लग्नात ऐकली, बारशाला ऐकली. परत्येक वेळी माजा नवरा खाली मान घालून बसतो. मना वाटलं, एकदा तुमी सगल्यांनी ती दुसऱ्याच्या घरात घडताना बगावी. बास. आता काय शिव्या द्याच्या त्या मना द्या."

सासूसासऱ्यांच्या घरातली भांडणं आणि खाडीतला गाळ यांच्यात पाय घालू नये, असं सरूला तिच्या आईने सांगितलेलं. ती आजवर तसंच वागत आली होती. पण समोर ते चित्र थरथरत होतं आणि ती केव्हाची त्याच्याकडेच बघत होती. बाकीचे भांडत होते, सिनेमा बघणारी आता ती एकटीच होती.

"मी काय म्हन्ते," ती म्हणाली. "ह्ये दोघं चादर घेऊन निघालेत. बाप तंबूत, ह्ये शेतात. त्यांना कललं कसं?"

"काय कललं कसं?" पुंडलिक खेकसला.

"बाप उगडा पडलाय ह्ये."

"मधल्यानं सांगितलं ना! तू बगत नव्हतीस?"

"बगत हुते," सरू म्हणाली. "म्हनूनच इचारते. मधल्यानं नस्तं सांगितलं, तं चादर कोन नेनार हुता?"

तिने ते भांडायला म्हटलं नव्हतं. तिला खरंच प्रश्न पडला होता. ते चेहऱ्यावर दिसत होतं म्हणूनच कुणाला तिच्यावर ओरडता येईना.

पुंडलिक खुर्चीवर बसला.

ती हकीकत त्याने इतक्या वेळा सांगितली होती की तिची वाक्यं गुळगुळीत झाली होती. रास, ताडी, रुमाल, हसणं, गोणपाट. पण प्रत्येक वेळी एक गोष्ट तो वगळत आला होता. मुद्दाम नव्हे. पहिल्यांदा राहून गेली, पुढे ती बसवायला जागाच उरली नाही. त्या दिवशी उधाणाची भरती होती. तो आणि दिनानाथ पोहोचले तेव्हा बाप बांधाच्या खाडीकडच्या उतारावर पडला होता आणि त्याच्या टाचा पाण्यात होत्या. मान फिरवून गोणपाट घातलं, हे खरं. पण उचलताना खाली बघावंच लागलं. गोणपाटाचं खालचं टोक भिजून जड झालं होतं.

दिनानाथकडे त्याने पाहिलं. दिनानाथने बापाचे पाय धरले होते, तो गुडघ्यांपर्यंत ओला झाला होता. दिनानाथ नखातला सोनेरी रंग खरवडत होता.

"भरती लागली हुती," पुंडलिक म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

"व्हय," जगन म्हणाला. "म्हनून तं मी धावलो. मी बोललो, बा उगडा पडलाय, पानी चढतंय. पयल्या बोलावरच लोकं हसली. दुसरा कोनी ऐकलाच नाय."

"मंग नंतर का नाय बोललास?"

"बोललो की. बाला बोललो. बा म्हनाला, बुडालो असतो तं बरा, हसला तं नस्ता कोनी." जगनने डोळे पुसले. "त्याच्यापुडं काय बोलू?"

धोंडुबाई इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. "गोनपाट मीच पिलून वालत घातला त्या दिशी," ती म्हणाली. "खारा पानी निगाला. इतका निगाला. मना तवाच कललं." ती थांबली. "तुमच्या बापाचा शब्द हुता. त्याच्या शब्दापुडं मी कदी गेले नाय. पन माजा पोर मागनं चालायचा ना विसर्जनाला, तवा मी देवाकडं बगत नव्हते. त्याच्याकडं बगायचे. मना लय वाईट वाटायचा."

एवढं ती आयुष्यात एका वेळी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि मालूला म्हणाली, "भूक लागली गो."

*

वालाचं बिरडं होतं, तांदळाची भाकरी होती, सरूने आणलेले पापड भाजले होते. मालूने पुरुषांची पानं मांडली. सवयीने, किंवा सकाळच्या बेताप्रमाणे, तिने पुंडलिकाचं पान वेगळं आणि पाटावर मांडलं आणि आधी त्यालाच वाढायला घेतलं.

पुंडलिकाने पानावर हात आडवा धरला. "मना एकट्याला वाडू नको," तो म्हणाला. "सगल्यांबरोबर वाड." आणि पाट बाजूला सारून तो दोघा भावांच्या मध्ये, फरशीवर बसला. जागा कमी होती. दिनानाथला सरकावं लागलं.

मग दिनानाथने न राहवून विचारलं, "मग दादा, कॅसेटचं काय ठरलं? दाखवायची?"

"दाकवायची."

"तो शेवटचा भाग? तेवढा इंद्रधनुष्यावर थांबवता येईल. कुणाला कळणार पण नाही."

पुंडलिक घास चावत राहिला. गौरीच्या रात्रीचं अंगण त्याच्या डोळ्यांपुढे आलं. पाट्या भरणारे ते जुने लोक अजून होते, म्हातारे झाले होते, पुढच्या रांगेत बसायचे. त्यांना त्या तंबूत कोण पडलाय ते ओळखायला वेळ लागणार नव्हता. कदाचित कुणी हसेलही.

"नाय थांबवायचा," तो म्हणाला. "पुरा दाकवायचा. सरूनं इचारला ना, तो लोकांनी पन इचारूदे. कोनी नाय इचारला तं मी सांगंन, पानी किती चढला हुता ते." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "आनि यंदा मी टीव्हीपुडं उबा रानार नाय."

सरू आधी हसली. मग मालू, मग दिनानाथ. धोंडुबाईला ऐकू आलं नव्हतं, तीही हसली.

जगन हसला नाही. त्याचं अर्धं राहिलेलं वाक्य अजून तोंडातच होतं आणि आता ते विचारावं की नाही ते त्याला कळेना. आपल्याला न्याय मिळाला की नुसती कॅसेट पास झाली, हेही नीटसं कळेना. तो ताटात बोटाने रेघा मारत बसला.

पुंडलिकाने हात धुतले. मालूने सकाळी घातलेला टॉवेल अजून त्याच्या खांद्यावर होता. त्याने तो काढला, हात पुसायला नव्हे. दोन्ही हातांनी उभा धरून पीळ दिला, दोन बोटांभोवती गुंडाळत गोल वळला आणि टोक आत खोचून घट्ट केलं. मिठाच्या पाट्या वाहिलेल्या माणसाच्या हाताला ते शिकवावं लागत नाही. चुंबळ वळून झाली तशी त्याने ती तळहाताने दाबून पाहिली आणि जगनच्या ताटाशेजारी ठेवली.

"पाट जड असतो," तो म्हणाला. "आपल्या दारापासनं वाटेवरच्या वडापरयंत तू. पुडं मी घेतो. मधी डोका दुकला म्हनून सांगाचा नाय."

जगनने डावा हात पुढे केला. उजवा खरकटा होता. त्याने चुंबळ उचलली आणि सगळे बघत असताना, तसंच ताटावर बसल्या बसल्या, डोक्यावर ठेवून पाहिली. ती नीट बसली.